ईस्टरच्या सुट्टीत रेडिओ ३ : मॅथ्यू पॅशन ऐकावे तरी कसे?

चारुकेशी :
नमस्कार. गेले आठ महिने मी मुलाकडे लेस्टरला आहे. पुण्यात सकाळपासून आकाशवाणी लावून ठेवण्याची सवय जडलेली असल्यामुळे इथेही स्वयंपाकघरात बीबीसीचे रेडिओ ३ हे केंद्र दिवसभर चालू असते. ख्याल-ठुमरी बऱ्यापैकी ऐकलेली आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताची मात्र पाटी कोरी आहे. यंदा गुड फ्रायडेला दुपारी जर्मन संगीतकार बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या यातनांची आणि मृत्यूची गाऊन सांगितलेली कथा) लागले, ते जवळजवळ तीन तास चालले. जर्मन कळत नसल्याने मी मेथी निवडत अर्धवटच ऐकत होते. पण पुढे एके ठिकाणी साऱ्या गायकवृंदाने ‘बाराबाम’ असा एकच शब्द इतक्या कर्कशपणे फेकला की हातातली जुडी तशीच राहिली. शिवाय एक साधी, संथ चाल अधूनमधून परत येत होती, असे वाटले. तो माझ्या कानाचा भास असेल तर सांगावे. रविवारी सकाळी त्याच केंद्रावर ट्रम्पेट आणि नगारे ऐकू आले, म्हणजे दोन दिवसांत सगळा नूरच पालटलेला. पुन्हा ऐकायचे ठरवले आहे. नवख्या माणसाने यात नेमके काय धरून ठेवावे?

व्हायोलिनकर :
भास नव्हे, आपला कान उत्तम आहे. ती चाल या रचनेत 5 वेळा येते. मुळात ती हान्स लिओ हासलर याने 1601 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची. पुढे ती चर्चमध्ये रुळली आणि बाख जिथे काम करी त्या लाइपझिग शहरातल्या श्रोत्यांना तोंडपाठ झाली. पहिल्या दोन वेळा बाखने तिची हार्मनी (चालीखालची स्वरांची साथ) तीच ठेवली आहे, फक्त दुसऱ्या वेळी पट्टी अर्ध्या सुराने खाली येते. अखेरची खेप येशूने प्राण सोडल्याबरोबर येते, आणि तिथे चाल तीच असूनही तिच्याखालचे सूर असे काही सरकतात की ती ओळखीची वाटेनाशी होते. नवख्या श्रोत्याने एवढी एकच चाल धरून ठेवली, तरी तीन तासांत वाट चुकत नाही.

भाषेची अडचण दिसते तेवढी मोठी नाही. कथा गाऊन सांगणाऱ्या निवेदकाच्या तोंडी मत्तयाच्या, म्हणजे मॅथ्यूच्या, शुभवर्तमानाचे 26 आणि 27 हे अध्याय जसेच्या तसे आहेत, त्यामुळे मराठी बायबल मांडीवर घेऊन ओळीवर बोट ठेवत ऐकता येते. ‘कोणाला सोडू?’ असे रोमन सुभेदार पिलात विचारतो आणि जमाव येशूऐवजी ‘बरब्बाला’, म्हणजे दुसऱ्या एका कैद्याला, असे ओरडतो, तोच आपला ‘बाराबाम’. येशूच्या वचनांमागे तंतुवाद्यांचे लांब, संथ सूर असतात (तानपुऱ्याची उपमा देण्याचा मोह होतो, पण ते सूर बदलत राहतात, तेव्हा तो आवरतो). ‘एली, एली, लमा सबख्थनी’ (‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’) या वचनापाशी मात्र ती तंतुवाद्ये गप्प होतात. हे एकदा लक्षात आले की ती जागा कधी निसटत नाही.

आणखी एक गंमत. ‘तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल’ असे येशू सांगतो, तेव्हा शिष्य ‘प्रभो, तो मी आहे काय?’ असे विचारू लागतात. तिथे ‘हेर’, म्हणजे ‘प्रभो’, हा शब्द किती वेळा येतो ते मोजून पाहा.

वसईकर :
नूर का पालटतो, याविषयी थोडे लिहितो. आमच्या वसईकडच्या कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) मिस्सेत, म्हणजे उपासनेत, घंटा वाजतात, त्या नंतर थेट ईस्टरच्या जागरणविधीतच वाजतात. मधल्या काळात त्यांच्याऐवजी लाकडाची खटखट ऐकू येते. बाखच्या लाइपझिगमध्ये, ते कॅथलिक नसून लूथरपंथी असूनही, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातले जवळजवळ सगळे रविवार वाद्यवृंदाविना जात. इतक्या आठवड्यांच्या शांततेनंतर गुड फ्रायडेच्या सायंप्रार्थनेत गायकवृंद आणि वाद्यवृंद एकदम उभे राहत. 1727 मध्ये सेंट थॉमस चर्चमध्ये हेच पॅशन दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद घेऊन उभे राहिले. ईस्टरच्या रविवारी ट्रम्पेट वाजत, तेही याच क्रमाने. दिवसभर संगीतच वाजवणाऱ्या केंद्रावर ही शांतता ऐकू येणे शक्य नाही, त्यामुळे तो पालट आपल्याला अचानक वाटतो. जमल्यास शनिवारी रेडिओ बंद ठेवून पाहा.

दुसरे असे की, पॅशनच्या दोन भागांच्या मध्ये प्रवचन होत असे. मला तर हे आपल्या कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगासारखेच वाटते : कथा सांगणारा एक, मध्येच पदे, आणि सर्वांना ठाऊक असलेली चाल.

व्हायोलिनकर :
वसईकर, शांततेचा मुद्दा मोलाचा आहे. कीर्तनाशी तुलना मात्र मला अर्धीच पटते. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. पॅशनमध्ये आख्यान दोन्ही भागांत अखंड चालते आणि निरूपण मधल्या प्रवचनाकडे जाते. शिवाय कीर्तनकार समोरचे श्रोते पाहून पदरचे घालू शकतो. पॅशनच्या निवेदकाला एक अक्षरही बदलण्याची मुभा नाही.

मुक्काम पुणे :
तीन तासांची बैठक जमत नसेल, तर हायडन या संगीतकाराचे ‘सेव्हन लास्ट वर्ड्‌स’ घ्यावे. स्पेनमधल्या काडिझ शहरातल्या गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी ते लिहिले गेले. येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर सात विलंबित रचना आहेत आणि शेवटी भूकंपाचे संगीत! चार तंतुवाद्यांसाठीचे रूप सुमारे तासाभरात संपते. हँडलचे ‘मसाया’ही ऐकावे; लोक ते नाताळात ऐकतात, पण त्याचा पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये, ईस्टरच्या तोंडावर झाला होता.

चारुकेशी :
सर्वांची आभारी आहे. काल मत्तय उघडून पुन्हा ऐकले. येशूचा शिष्य पेत्र त्याची ओळख तीनदा नाकारतो, कोंबडा आरवतो आणि तो बाहेर जाऊन रडतो, इथवर ओळींवर बोट फिरत होते. त्यानंतर व्हायोलिन सुरू झाले आणि बोट तिथेच थांबले. पाठोपाठ एका स्त्रीचा आवाज आला. त्या पदाचे शब्द मत्तयात सापडले नाहीत. ‘हेर’ मात्र मी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा दहाच भरले.

व्हायोलिनकर :
ते पद ‘एर्बार्मे डिश’, म्हणजे ‘दया कर’. शब्द मत्तयाचे नाहीत, बाखसाठी लिहिणाऱ्या पिकांडर या कवीचे आहेत. ‘हेर’ अकरा आहेत. आवाज एकमेकांवर चढत असल्यामुळे एखादा हातून सुटतो. शिष्य बारा, पण येशूला धरून देणारा यहूदा त्या घोळक्यात विचारत नाही. अध्याय 26, ओवी 25 पाहा. तो मागाहून, एकटाच विचारतो.