तालमीच्या ग्रुपवर लिहिलेलं सरकार खरंच वाचतं का? सही कुणाची लागते?

रंकाळा_काठ
नमस्कार मंडळी. आमच्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल एका पोरानं पाणीपट्टीवरनं महापालिकेला जरा जोरात सुनावलं, तर दहा मिनिटांत तिघांनी त्याला पर्सनलला मेसेज टाकले, डिलीट कर बाबा, वरनं सगळं बघत्यात. आणि केलं की त्यानं डिलीट! जून २०२३ ला स्टेटसवरनं इथं कोल्हापुरात राडा झाला, नेट बंद पडलं, तेव्हापासनं ही धास्ती बसलीय ती बसलीयच. सरकार नेमकं काय बघू शकतं? कुणी वकील असेल तर सांगा.

बावडा_वकील
व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर एन्ड टू एन्ड एन्क्रिप्टेड असतोय, वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण फोनच हातात आला किंवा त्यात पेगॅसससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसलं तर एन्क्रिप्शनचा उपयोग शून्य. कोण कुणाला कधी फोन करतं हा कॉल रेकॉर्ड वेगळा, तो कंपन्यांना २ वर्षं ठेवावा लागतो.

आता सहीचं. आयटी कायद्याचं कलम ६९ सरकारला फोन-संगणकातली माहिती अडवून बघू देतं, आणि डिसेंबर २०१८ च्या आदेशानं १० यंत्रणांना त्याखाली अधिकार दिलेत. राज्यात मंजुरी गृहसचिवाची, एका वेळी ६० दिवस, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८०. मग ते आदेश तपासायला समिती, तिच्यात कोण तर मुख्य सचिव आणि इतर सचिव. म्हणजे मागणारं सरकार, देणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच. न्यायाधीश कुठंच नाही, आणि ज्याचं ऐकलं त्याला नंतरसुद्धा कळवत नाहीत. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, कारण कळलंच नाही तर माणूस कोर्टात जाणार कसा?

शाहूपुरी_०७
वकीलसाहेब, पटतंय, पण दुसरी बाजू पण बघा. माझ्या वडिलांना खोट्या पोलिसांनी डिजिटल अरेस्ट म्हणून दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं, जेवायला उठू दिलं नाही, पेन्शनचे पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा निम्मे तरी अडवले. नंबर, खाती शोधली म्हणूनच ना? पोलिसांचे हात बांधून कसं चालंल?

बावडा_वकील
दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण तिथं तक्रार होती, गुन्हा होता, ठरावीक खाती होती. तो तपास झाला, त्याला माझा विरोध असायचं कारणच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क धरला, तेव्हाही सरकारनं बघायचंच नाही असं म्हटलं नाही. कायदा पाहिजे, योग्य कारण पाहिजे आणि गरजेपुरतंच बघायचं, एवढं सांगितलं. २०१९ ला आपल्या मुंबई हायकोर्टानं लाचेच्या प्रकरणातले ३ फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करा म्हणाले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा तिथं संबंधच नव्हता. पण तो माणूस हायकोर्टापर्यंत पोचला म्हणून हे झालं. लोकांची खाजगी माहिती जपायच्या २०२३ च्या डेटा कायद्यात तर सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातनं सूट देता येते.

मंगळवार_पेठकर
पण ग्रुपमधल्याच कुणी स्क्रीनशॉट नेऊन दिला तर?

बावडा_वकील
तो देऊ शकतो, तिथं एन्क्रिप्शन कामाचं नाही. पण पाणीपट्टीवर बोलणं गुन्हा कुठल्या कलमात बसतोय? त्या पोराला परत टाकायला सांगा.

रंकाळा_काठ
सांगितलं. बिलाचा फोटो जोडून टाकलाय आता, आणि खाली मी माझं पण बिल टाकलंय.