गोठ्यातल्या गाडीसाठी खुणा कुठं आणि कशा लावायच्या?

तासगावचा_गोठा:
राम राम मंडळी. तासगावजवळ आमचा १८ एचएफ गाईंचा मुक्त गोठा आहे. खाता खाता गाई मुरघास पुढं ढकलतात. तो परत गव्हाणीकडं सरकवायला मी बॅटरीवरची गाडी केलीय. आईच्या कंबरेचं दुखणं वाढलंय, पहाटे चारला तिनं फावडं धरू नये एवढ्यासाठीच हा खटाटोप. नुसत्या चाकांच्या फेऱ्या मोजून भागत नाही. ओल्या कोब्यावर चाक जागच्या जागी फिरतं नि हिशेब चुकतो. म्हणून खांबांवर एप्रिलटॅग लावलेत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या छापील खुणा (३६एच११ प्रकारच्या). गाडीवरचा कॅमेरा त्या बघून आपण कुठं आहोत ते ओळखतो. पण भिंतीपासून २ मीटरवर थांब म्हटलं की गाडी दरवेळी १.६ मीटरवर थांबते. सकाळी तिरपं ऊन आलं की निम्मे टॅग तिला दिसत नाहीत. दोन तर कालवडींनी चाटून फाडले.

कराडचा_डिप्लोमावाला:
दरवेळी तेवढंच चुकतंय ना? मग कॅमेऱ्याला दोष देऊ नका. गाडीच्या प्रोग्रॅममध्ये टॅगचं माप किती भरलंय? बाहेरच्या पांढऱ्या पट्टीसकट २० सेंमी भरलं असेल. माप काळ्या चौकोनाचं धरायचं असतं. या टॅगमध्ये एका बाजूला पट्टीसकट १० घरं, काळा चौकोन ८ घरांचा, म्हणजे १६ सेंमी. तुमच्या गाडीला १.६ मीटर म्हणजे २ वाटतात. पांढरी पट्टी मात्र कापू नका, तिच्याशिवाय टॅग ओळखू येत नाही.

खटावची_दावण:
दादा, लॅमिनेशन केलंय का? ऊन त्याच्यावरच चमकतंय. मॅट (न चमकणाऱ्या) व्हिनाइलवर छापून पत्र्यावर चिकटवा, वरची कड जराशी पुढं झुकवा. गाईची मान ताणून जीभ पोचणार नाही इतक्या उंचीवर स्क्रूनं बसवा, आणि कॅमेरा तेवढा वर करा. माश्यांचे डाग, जाळी आठवड्याला पुसायची. चुना मारताना टॅग झाकायला विसरू नका, आमच्या गड्यानं चार टॅग पांढरे केले होते.

कराडचा_डिप्लोमावाला:
आणखी एक. लांबचा एकच टॅग अगदी समोरून दिसला तर अंतर बरं येतं, पण गाडी किती तिरकी आहे ते डळमळतं. वळणावर एका वेळी दोन तरी दिसू देत.

तासगावचा_गोठा:
मोजपट्टी लावून मोजलं, काळा चौकोन १६ सेंमीच. मी २० भरलं होतं! दुरुस्त केलं, आता गाडी २ मीटरला दोन बोटं इकडंतिकडं थांबतेय. सांगलीत मॅट व्हिनाइल टाकायला दिलंय. वळणावरचे खांब उद्या दूध घालून आलो की करतो. आई सकाळी गाडीच्या मागं मागं चालत होती, हातात फावडं नव्हतं.