आर्नहेम १९४४ : पूल लढाईत गेला की बैठकीत?

बोरघाट (धागाकर्ता)

सप्टेंबर आला की आर्नहेमचा विषय निघतो आणि गाडी नेहमीच्या रुळावरून धावते. मूठभर ब्रिटिश छत्रीधारी, समोर एसएसचे (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे) रणगाडे, जिवावर उदार होऊन लढवलेला पूल, आणि शेवटी नशिबाच्या नावाने खडे. शौर्याबद्दल वाद नाही. पण या शौर्याच्या आड काही लोकांना फार स्वस्तात सुटू दिलंय असं माझं मत आहे. ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडच्या मातीवर पाय ठेवण्याआधीच इंग्लंडमधल्या बैठकांत हरलेली होती.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी : १७ सप्टेंबर १९४४, ‘मार्केट गार्डन’. ब्रिटिश फील्डमार्शल मॉन्टगोमेरीचा बेत असा, की नद्या-कालव्यांवरचे पूल तीन हवाई डिव्हिजननी वरून उतरून धरायचे आणि ३० कोअर या ब्रिटिश भूदळाच्या रणगाड्यांनी बेल्जियमच्या सरहद्दीवरून एकाच रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर वर येत त्यांना गाठायचं. अमेरिकन १०१ वी आइंडहोवनजवळ, ८२ वी नाइमेखनला, आणि अगदी टोकाला, खालच्या ऱ्हाइनवरच्या आर्नहेमच्या पुलासाठी ब्रिटिश पहिली. हिशेब दोन-तीन दिवसांचा. नऊ दिवसांनी, २५-२६ सप्टेंबरच्या रात्री, उरलेले लोक भर पावसात होड्यांतून नदीपार काढले. नदीच्या उत्तरेला गेलेल्या दहा हजारांवर माणसांपैकी परतले ते अडीच हजारसुद्धा नाहीत. सुमारे दीड हजार मेले, सहा हजारांहून जास्त पकडले गेले.

आता मूळ दुखणं. अख्खी डिव्हिजन एका खेपेत नेण्याइतकी विमानं नव्हती, म्हणून ती तीन दिवसांत वाटून न्यायची ठरली. आरएएफचे (ब्रिटिश हवाई दलाचे) हॉलिंगहर्स्ट पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या मारायला तयार होते. अमेरिकन वाहतूक विमानांचे प्रमुख विल्यम्स म्हणाले की दिवस लहान झालेत, वैमानिक थकतील, विमानांची देखभाल व्हायची नाही. त्यांचे वरिष्ठ ब्रेरेटन यांनी मान डोलावली. दिवसाला एकच फेरी, विषय संपला.

त्यात उतरायची मैदानं निवडली पुलापासून दहा-बारा किलोमीटर पश्चिमेला, वोल्फहेझे आणि रेन्कमच्या माळावर. म्हणजे असं झालं, की उद्या येणाऱ्यांसाठी मैदान राखायला हिक्सची ग्लायडरने, म्हणजे दोराने ओढून नेलेल्या बिनइंजिनाच्या विमानांतून, आलेली ब्रिगेड तिथेच अडकली. पुलाकडे निघाल्या लॅथबरीच्या छत्रीधारी ब्रिगेडच्या तीन पलटणी. त्यातली एकच, जॉन फ्रॉस्टची दुसरी, नदीकाठच्या रस्त्याने सरकत पोचली, आणि रात्रीपर्यंत पुलाच्या उत्तर टोकाला सगळे मिळून सातशे-साडेसातशे लोक जमले. कागदावर डिव्हिजन, पुलावर एक पलटण.

आठवडाभरापूर्वी रद्द झालेल्या ‘कॉमेट’ बेतात ग्लायडर थेट पुलांशी उतरवायची सोय होती. ६ जूनला नॉर्मंडीत कालव्यावरचा पूल तसाच मिळाला होता : रात्री तीन ग्लायडर हाकेच्या अंतरावर उतरले आणि काही मिनिटांत काम फत्ते. ‘मार्केट’मध्ये, म्हणजे मोहिमेच्या हवाई भागात, हे कलमच गळलं. कुणी गाळलं आणि त्याला कुणी अडवलं का नाही, यावर बोलूया.

मेतकूट

असहमत. सगळं खापर विमानवाल्यांवर फोडलं की सेनापती आपोआप सुटतो. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल अर्कर्ट पायदळातले, कसलेले, पण हवाई फौजेचा अनुभव शून्य. बेत समोर आला तेव्हा त्यांनी तो स्वीकारला. पहिल्या संध्याकाळी वायरलेस सेट चालेनात म्हणून ते स्वतः पुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी आर्नहेमच्या गल्लीबोळांत जर्मनांच्या तावडीतून निसटताना एका घराच्या माळ्यावर अडकून पडले. खाली दारात जर्मन तोफगाडी उभी, वर डिव्हिजनचा सेनापती! ते सापडेनात आणि लॅथबरी जखमी, तेव्हा हिक्स आणि दुसरे ब्रिगेडप्रमुख हॅकेट यांच्यात अधिकार कुणाचा यावरून मध्यरात्री खडाजंगी. हे काय ब्रेरेटननी घडवलं?

शिवाय शत्रूचं नावच नाही तुमच्या लेखात. जर्मन जनरल बिट्रिशच्या कोअरच्या ९ व्या आणि १० व्या एसएस डिव्हिजन नॉर्मंडीत सोलून निघाल्या होत्या, रणगाडे फारसे नव्हते, पण माणसं अनुभवी. फील्डमार्शल मोडेलचा मुक्काम ओस्टरबेकच्या टाफेलबर्ख हॉटेलात, म्हणजे ब्रिटिशांच्या वाटेवरच. आकाशातून छत्र्या उतरताना दिसल्यावर तो पळाला खरा, पण त्याच दुपारी फौजा हलवायला लागला. असा माणूस समोर असताना पुलाजवळ उतरला असतात तरी काय दिवे लागले असते?

गावठाण

अहो, ३० कोअर वेळेत आलं नाही हे सोडून सगळ्यावर चर्चा. नाइमेखनचा पूल हातात आला २० तारखेला संध्याकाळी. तिथून आर्नहेम १५-२० किलोमीटर. त्याच रात्री फ्रॉस्टच्या लोकांची गोळी संपली. विषय कट.

बोरघाट

@गावठाण : कट कसा? तो तर माझाच मुद्दा झाला. सातशे माणसं २१ च्या पहाटेपर्यंत टिकली. १८ ला सकाळी ९ व्या एसएसचं टेहळणी पथक दक्षिणेकडून भरधाव पुलावर चढलं, तेव्हा या लोकांनी घरांच्या खिडक्यांतून त्याची डझनभर वाहनं पुलावरच जाळली. एवढ्याशा फौजेचा हा पराक्रम. तिथे दोन ब्रिगेड आणि पुरेशा रणगाडाविरोधी तोफा असत्या तर २० ची संध्याकाळ उशिराची ठरली नसती.

@मेतकूट : अर्कर्ट पुढे जायला नको होते, मान्य. पण सेट का चालेनात? दहा-बारा किलोमीटरवर, झाडीत आणि वस्तीत पसरलेल्या फौजेला ते सेट पुरणारच नव्हते. लांब उतरलात म्हणून पसरलात, पसरलात म्हणून आवाज पोचेना. पुन्हा तिथेच येतो आपण.

पलटण

इथे आपल्याकडचा दाखला द्यायला हरकत नाही. ११ डिसेंबर १९७१, बांगलादेश युद्धातलं टांगाईल. २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. ले. कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली साधारण सातशे लोक एकाच दुपारी उतरले आणि लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरला. मैमनसिंगकडून मागे येणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तुटली आणि २४ तासांच्या आत जमिनीवरून आलेली १ मराठा त्यांना येऊन भेटली. मराठ्यांना मराठे भेटले, हे लिहिताना आजही बरं वाटतं.

एक पलटण, एक पूल, जवळची भेट. हवाई फौज वापरायची ती अशी. डिव्हिजनच्या डिव्हिजन शंभर किलोमीटर पुढे टाकून देणं हा जुगार आहे.

मेतकूट

टांगाईलचा अभिमान मलाही आहे, पण ही तुलना लावू नका. तोवर पूर्वेकडचं आकाश पूर्ण आपलं होतं. खाली मुक्तिवाहिनीच्या कादेर सिद्दिकींची माणसं मैदान सांभाळायला आणि वाट दाखवायला हजर. समोरची फौज आधीच माघारी निघालेली. आर्नहेमला यातलं काय होतं? तिथे डच भूमिगतांनी एसएसच्या हालचाली कळवल्या, लढाईत वाटाड्या म्हणून मदत देऊ केली, आणि ब्रिटिशांनी त्यांच्यावर पुरता विश्वासच ठेवला नाही.

पलटण

शेवटचं वाक्य तुम्ही माझ्या बाजूने लिहिलंत, आभारी आहे. :)

डेल्फ्टकर

इथे नेदरलँड्समध्येच राहतो, त्यामुळे एक जमिनीवरची गोष्ट सांगतो. रेन्कमच्या माळावरून सायकलने पुलाकडे या. आधी मोकळं, मग दाट झाडी, मग ओस्टरबेकचे टुमदार बंगले. इथवर वाटतं, काय कठीण होतं यात? मग शहराच्या तोंडाशी सेंट एलिझाबेथ रुग्णालयापाशी रस्ता एकदम चिमटीत येतो : डावीकडे वर रेल्वेचे रूळ, उजवीकडे उतारावर नदी, मध्ये चिंचोळी पट्टी. १९ तारखेच्या पहाटे फ्रॉस्टला गाठायला चार पलटणी याच पट्टीत घुसल्या. वरून गोळीबार, समोरून गोळीबार, आणि नदीपलीकडच्या वीटभट्ट्यांवरून विमानभेदी तोफा आडव्या झोडपत होत्या. दुपारपर्यंत चारही पलटणी पलटणी म्हणून उरल्या नाहीत. नकाशावर हे दहा किलोमीटर सारखेच दिसतात. खरं अंतर शेवटच्या एक-दीड किलोमीटरचं होतं.

आणि तुमच्या दोन्ही बाजूंत एक गोष्ट राहतेय. छत्रीधारी नऊ दिवसांनी गेले, डच कुठे जाणार? जर्मनांनी आर्नहेम रिकामं करायला लावलं, सुमारे एक लाख लोक घरदार सोडून निघाले. मित्रफौजांच्या मदतीसाठी डच रेल्वेने संप केला होता, त्याचा सूड म्हणून अन्नाची वाहतूक अडवली गेली. त्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं भुकेने आणि गारठ्याने गेली. लोकांनी ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले. तरीही ओस्टरबेकच्या लष्करी दफनभूमीत दर सप्टेंबरात शाळकरी मुलं प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवतात. मी इथल्या लोकांना याबद्दल विचारतो तेव्हा राग सापडत नाही. का सापडत नाही, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

सावरपाटा

बचावाची बाजू कुणीच धड मांडत नाही, म्हणून मी मांडतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला काय दिसत होतं ते बघा. जर्मन सैन्य फ्रान्समधून पळत सुटलेलं. ४ तारखेला अँटवर्प हातात. ८ तारखेला लंडनवर पहिलं व्ही-२ रॉकेट पडलं, तेही हॉलंडमधून सुटलेलं. समोर ऱ्हाइन ओलांडायची संधी, आणि इंग्लंडमध्ये दोन-अडीच महिने हात चोळत बसलेली एक निवडक डिव्हिजन, जिचे डझनभराहून जास्त बेत ऐनवेळी रद्द झाले होते. कधी छत्र्या बांधून विमानापर्यंत जायचं आणि परत यायचं. अशा वेळी धोका न पत्करणारा सेनापती इतिहासात भित्रा ठरतो. यश आलं असतं तर युद्ध नाताळाच्या आसपास संपलं असतं, आणि डेल्फ्टकरांनी सांगितलेला तो भुकेचा हिवाळाही टळला असता.

बोरघाट

धोका पत्करायला ना नाही. पण तो कुणाच्या जिवावर पत्करला ते बघा. हवाई फौजेचे ब्रिटिश कोअर-सेनापती ब्राउनिंग यांनी स्वतःचं कोअर मुख्यालय पहिल्याच फेरीत नाइमेखनला नेलं, त्यासाठी ३८ ग्लायडर खर्ची घातले. तिथून त्यांनी पहिले काही दिवस आर्नहेमसाठी काय केलं, हे मला कुणी तरी सांगा. त्या ३८ ग्लायडरांत पुलाकडे किती माणसं आणि तोफा गेल्या असत्या याचा हिशेब करा.

अँटवर्प मिळालं म्हणता, पण बंदराकडे येणारा शेल्टचा सगळा जलमार्ग जर्मनांकडेच राहू दिला होता. नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तिथे मालाची जहाजं लागली नाहीत. आणि टेहळणीच्या फोटोंत आर्नहेमजवळ रणगाडे दिसतायत असं सांगणाऱ्या ब्रायन अर्कर्ट या तरुण गुप्तवार्ता अधिकाऱ्याला (सेनापतीशी नातं नाही, आडनाव तेवढं सारखं) आजारपणाच्या रजेवर धाडण्यात आलं.

तिन्हीसांज

पोलिशांचं कुणी नाव काढत नाही म्हणून लिहिते. पोलिश छत्रीधारी ब्रिगेडचे प्रमुख जनरल सोसाबोव्स्की यांनी बेतावर आधीच शंका घेतली होती. त्यांची ब्रिगेड धुक्यामुळे १९ ऐवजी २१ ला नदीच्या दक्षिणेला ड्रीलजवळ उतरली, तोवर पूल गेलेला. होड्या नाहीत, तरी रात्री नदी ओलांडायचा प्रयत्न केला. आणि बक्षीस काय मिळालं? नोव्हेंबरात ब्राउनिंगचं तक्रारीचं पत्र, डिसेंबरात पदावरून गच्छंती. आधीच सावध करणाराच दोषी! नेदरलँड्सने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला तो २००६ मध्ये. बेताची जबाबदारी खाली कशी ढकलतात याचा याहून चांगला नमुना नाही, त्यामुळे बोरघाटांच्या मूळ मुद्द्याला +१.

मेतकूट

सोसाबोव्स्कींवर अन्याय झाला, यात दुमत नाही. पण त्याने मैदानांचा प्रश्न सुटत नाही. पुलाच्या दक्षिणेला पोल्डर, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळची ओली जमीन, आडवेउभे चर. ग्लायडर रुतले असते. वर डेलेनच्या विमानतळाभोवतीच्या विमानभेदी तोफा. पुलाशी उतरून वळणाऱ्या विमानांना त्यांच्या टप्प्यातूनच जावं लागलं असतं. आणि मोकळ्या आकाशात दोर अवेळी सुटल्यावर काय होतं ते याच डिव्हिजनने सिसिलीत १९४३ मध्ये भोगलं होतं. १४० हून जास्त ग्लायडरांपैकी जवळपास निम्मे समुद्रात पडले, अडीचशेच्या आसपास माणसं बुडाली. त्यानंतर वैमानिक सावध झाले असतील तर त्यांना दोष कसा देता?

बोरघाट

सिसिलीत तोफांच्या भीतीने ग्लायडर किनाऱ्यापासून लांबच सोडून दिले, म्हणून ते समुद्रात पडले. त्यातून काढायचा धडा ‘आणखी लांब सोडा’ हा नव्हे.

आणि पोल्डर उतरण्यालायक नव्हता ना? मग मूळ बेतात तिसऱ्या दिवशी पोलिश छत्रीधाऱ्यांना नेमकं कुठे उतरवायचं होतं? पुलाच्या दक्षिणेला. त्याच पोल्डरवर. मंगळवारी चालणारी जमीन रविवारी का चालली नाही?

मेतकूट

कारण मंगळवारपर्यंत तिथल्या तोफा डिव्हिजनने गप्प केलेल्या असतील असं धरलं होतं. शिवाय तिथे फक्त छत्र्या उतरायच्या होत्या, पोलिशांचे ग्लायडर उत्तरेलाच येणार होते. छत्रीने उतरणाऱ्या माणसाला ओली जमीन चालते, तोफा भरलेल्या ग्लायडरला नाही. फ्रॉस्टच्या लोकांना रविवारीच छत्रीने दक्षिणेला टाकायला हवं होतं असं म्हणत असाल तर त्या एका बदलापुरता मी तुमच्याबरोबर आहे. पण मग पुलाची दोन्ही टोकं धरणाऱ्या त्या पलटणीकडे पहिल्या दिवशी रणगाडाविरोधी तोफ एकही नसती, आणि १८ ची ती जळालेली वाहनं कदाचित पूल ओलांडून गेली असती. याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.