अनुभव धागा: घरच्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज टाकलं की जुनंच चालू ठेवलं?

वरुडकरीण
काल फवारणीच्या औषधाचं जुनं बिल शोधायला कॉम्प्युटर लावला, तर स्क्रीनभर पाटी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आता पुढचं बघा, अशा अर्थाची. ती वाचता वाचता मला बाबाच आठवले.

2014 ची गोष्ट. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक, घरी विंडोज एक्सपीवाली मशीन. शाळेची निकालपत्रकं, गावातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर, लोकांचे तहसीलचे अर्ज, सगळं त्यांनीच कृतीदेव फाँटमध्ये टाइप केलेलं. कोणीतरी सांगितलं की 8 एप्रिलला एक्सपी बंद होणार. बाबांना वाटलं मशीनच बंद पडणार. आदल्या संध्याकाळी बसले प्रिंट काढत. कोरे कागद संपले तर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढल्या. आई जेवायला हाका मारून मारून थकली. सकाळी भीत भीत बटण दाबलं, तर एक्सपी रोजच्यासारखं हजर! मग एका विद्यार्थ्याने त्यांना समजावलं की मशीन चालतच राहते, फक्त सुरक्षेची नवी दुरुस्ती येणं थांबते. झालं, बाबांनी कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवली: "या यंत्रास इंटरनेट जोडू नये. आज्ञेवरून."

आताची माझी मशीन आय-थ्री, चौथ्या पिढीची, 4 जीबी रॅम. विंडोज 11 घेत नाही म्हणते. यांचं म्हणणं नवीनच घेऊ. मुलगा दहावीला आहे, तो म्हणतो लॅपटॉपच घ्या (त्याचं कारण वेगळं आहे, मला माहीत आहे). तुमच्या घरी काय केलं, काय झालं ते लिहा ना. नुसता सल्ला नको, घडलेलं सांगा.

पऱ्हाटी
आज्ञेवरून! सर लय भारी होते ताई.

आमच्या घरचं आयका. 2016 चा उन्हाळा, विंडोज सेवन मस्त चालू होतं. कोपऱ्यात रोज पाटी ये, दहा फुकट घ्या, 29 जुलैपर्यंतच फुकट. फुकट म्हटलं का आमचा भाऊ सोडते का! दाबलं त्यानं बटन. अर्ध्यात आलं अन् गेली लाईन. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी फुगून कवाचीच मेली होती. आम्ही रायतो वावरात, तिथं लाईन गेली का येईन कवा याचा नेम नाही. आली तं मशीन म्हणे जुनं परत आणून राहिलो, बंद करू नका. आलं बिचारं सेवन वापस, एकही फाइल गेली नाही. पण लाईन येईपर्यंत बुढ्यानं भावाले जे आयकवलं ते इथं लिहिता येत नाही.

चिखलीची मावशी
यूपीएसची बॅटरी सगळ्यांचीच मेलेली असते बाई. आमच्या घरी त्यावर फक्त फुलदाणी ठेवायची सोय आहे.

हॉस्टेलवाली
आमच्या गावात नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी. 11 ची फाइल पाच जीबीच्या वर. म्हटलं अमरावतीला हॉस्टेलच्या वायफायवर उतरवते आणि पेनड्राइव्हवर घेऊन जाते. पेनड्राइव्ह 32 जीबीचा, पूर्ण रिकामा, तरी कॉपी करताना म्हणते फाइल फार मोठी आहे. रूममेट म्हणाली ड्राइव्ह खराब, फेकून दे. कारण भलतंच निघालं. तो फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला होता, आणि फॅट32 मध्ये 4 जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही, ड्राइव्ह कितीही मोठा असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि गेली गपगुमान.

एसटीत तो ड्राइव्ह पर्समध्ये सोन्यासारखा धरून घरी पोचले, तर दादा म्हणतो, अगं मी मोबाइलनेच केलं, रात्री बारानंतर नवा डेटा चालू होतो ना, रोज थोडं थोडं ओढलं. मग सांगायचं नाही का बाबा!

आर्वीचा मेकॅनिक
दुकानात बसून लिहून राहिलो, गिऱ्हाईक आलं तर मधेच तोडीन.

इंटेलच्या मशीनवर आठव्या पिढीपासून पुढे 11 रीतसर चालते. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन यावर जाऊ नका, त्यापुढचा नंबर पाहा. 4130 म्हणजे चौथी, 7100 म्हणजे सातवी, 8400 म्हणजे आठवी. "माझा आय-सेव्हन आहे" म्हणून लोक वाद घालतात आणि निघतो तिसऱ्या पिढीचा.

दुसरी अट टीपीएम 2.0 ची (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी मशीनमधली सोय), आणि लोकांना विनाकारण नवीन मशीन घ्यायला लावतात ते इथंच. आष्टीकडचे एक काका आले होते, कॅबिनेट दुपट्ट्यात गुंडाळून मोटारसायकलवर, मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की हे भंगार झालं. उघडून पाहतो तर आत 8400! बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये गेलो, पीटीटी नावाचा पर्याय बंद. इंटेलवाल्या मशीनमध्ये टीपीएमचं काम तोच करते, एएमडीत त्याला एफटीपीएम म्हणतात. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, म्हणून पहिले सगळा डेटा बाहेर काढला, मग नव्या जीपीटी पद्धतीची केली, सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लावलं. झाली मशीन पात्र. काकांना नवीन मशीनसाठी सोयाबीन विकायचं पडलं नाही.

घरी पाहायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाका (इंग्रजीत), पाटीच सांगेल आहे की नाही. पण "सापडत नाही" आलं म्हणून लगेच रडू नका, बायोस पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नका.

अट चुकवून जुन्या मशीनवर 11 टाकता येते, रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवून. मी माझ्या घरच्यावर टाकलं आहे, चालते. गिऱ्हाइकाला देत नाही. पुढचे अपडेट मिळतीलच अशी खात्री मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला देत नाही, आणि शिव्या मला पडतात.

ताई, तुमच्या मशीनचं खरं दुखणं विंडोज नाहीच. फिरणारी हार्ड डिस्क आहे ना आत? ती आधी

आर्वीचा मेकॅनिक
गिऱ्हाईक आलं होतं. तर, ती बदलून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) लावा आणि रॅम 8 करा. मग दहा का अकरा यावर बोलू.

तुरीची शेंग
वरुडला संत्र्याचा भाव काय चालू आहे?

वरुडकरीण
आंबिया बहार निघून गेला आमचा, मृग बहार झाडावर आहे. भावाचं विचारून जखमेवर मीठ नका चोळू.

दारव्हा केंद्र
मी आपले सरकारचं केंद्र चालवते, घरातच पुढच्या खोलीत. म्हणजे मशीन घरचीही आणि धंद्याचीही. भाच्याने माझं भलं करायला म्हणून रात्री 11 टाकून दिलं. दिसायला छान, बटणं मधोमध आलेली. सकाळी पीएम किसानच्या ई-केवायसीला माणसं ओट्यावर बसलेली आणि अंगठ्याची मशीन लाल दिवा दाखवून गप्प. ड्रायव्हर परत टाकला, आरडी सर्व्हिस (अंगठ्याची मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) परत टाकली, तरी ब्राउझर ओळखेना. एक आजी बिचाऱ्या अंगठा पदराला पुसून पुसून ठेवत होत्या, त्यांना वाटलं कापूस वेचून वेचून त्यांच्याच रेघा गेल्या. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी मशीनवाल्यांच्या साइटवरून नवी आवृत्ती घेतली तेव्हा दिवा हिरवा झाला. डिजिटल सहीच्या टोकनचीही तीच तऱ्हा, त्याचंही सॉफ्टवेअर नव्याने.

म्हणून माझं ऐका, विंडोजला काही होत नाही, विंडोजला जे जे जोडलेलं आहे ते रुसते. वही घ्या, मशीनला मागून किती वायरी लागल्या आहेत ते लिहा, आणि एकेकाचा 11 वाला ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहा. नंतर शोधायला गेलं की ओट्यावरची माणसं थांबत नाहीत.

पऱ्हाटी
आजीचं वाचून हसू बी आलं अन् कसंतरीच बी झालं. आमच्या बुढीचा बी अंगठा हंगामात लागत नाही, डोळ्यावर घेतात मंग.

चिखलीची मावशी
वायरींचं निघालंच आहे म्हणून सांगते. आमच्या कॅबिनेटला मागून एक पट्टी नव्हती, कार्ड बसवायची जागा उघडी. त्यातून उंदीर गेला. एक नाही, संसार मांडला होता मेल्यांनी, कापूस, सुतळी, धाकट्याच्या वहीचे कपटे. मशीन चालू होईना म्हणून दुरुस्तीवाल्याने उघडलं आणि तोच दचकून मागे सरकला. पंख्याची वायर कुरतडलेली. आता तिथं पुठ्ठा आणि चिकटपट्टी. विंडोज कोणतं आहे मला माहीत नाही, पण उंदीर नाहीत.

आर्वीचा मेकॅनिक
मावशी, पुठ्ठ्याऐवजी दहा-वीस रुपयाची पत्र्याची पट्टी मिळते, ती लावा. पुठ्ठा पण खातात ते. आणि जिनिंगजवळ राहणाऱ्यांनो, पंख्यात सरकी-कापसाचा फुफाटा बसतो, मे महिन्यात 45 डिग्रीत मशीन आपोआप बंद पडते आणि लोक म्हणतात अपडेटने बिघडवलं.

साकोलीकर
मी सेवानिवृत्त, वेळ भरपूर. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीईवालं, ते हलकं आहे. त्यात एक सोय फार आवडली. पेनड्राइव्हवरूनच चालू करून पाहता येतं, डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. भाड्याच्या घरात आधी चार दिवस राहून पाहावं तसं. थोडं धीम्याने चालतं, पण वायफाय लागतं का, आवाज येतो का, सगळं तपासून घेतलं आणि मगच टाकलं.

मराठीचं विचाराल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडायचा. मी टायपिंग रेमिंग्टन पद्धतीच्या कीबोर्डवर शिकलो, त्यामुळे बोटं अजून भांडतात. जुन्या कृतीदेवच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडल्या तर आधी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. जुन्या मशीनमधून कृतीदेवची फाँट फाइल आणून घरच्या फाँटच्या फोल्डरमध्ये टाकली, तेव्हा मराठी उमटली. ताई, तुमच्या बाबांच्या फाइल असतील तर हे लक्षात ठेवा. मजकूर जातो कुठे नाही, फाँट सोबत न्यावा लागतो. विंडोज 11 वर गेलात तरी हेच.

जमलं नाही ते प्रिंटरचं. जुना लेझर प्रिंटर आहे, त्याच्यासाठी मी रात्री जागून किती वाचलं त्याला हिशेब नाही. शेवटी पीडीएफ करून मोबाइलवर पाठवतो आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतो. तेवढाच फेरफटका.

दिग्रसचा हिशेबनीस
काका, टॅली चालते का मिंटवर? माझं पोट त्यावर आहे.

साकोलीकर
खटाटोप करून चालवणारे आहेत म्हणतात. तुमचं पोट असेल तर विंडोजच ठेवा.

तुरीची शेंग
मूळ प्रश्नावर येतो. कोणी एका वर्षाच्या मुदतवाढीचं बोललंच नाही? विंडोज 10 ला सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, फक्त नाव नोंदवावं लागते. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर "एनरोल" येते. 22एच2 आवृत्ती पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं पाहिजे. सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला की पैसे लागत नाहीत, नाहीतर 30 डॉलर किंवा त्यांचे 1000 रिवॉर्ड पॉइंट. मी घरच्याला केलं, तूर काढण्याच्या गडबडीत नवीन मशीन पाहायला वेळ कोणाला आहे.

दिग्रसचा हिशेबनीस
क्लाउडवर बॅकअप म्हणजे माझे हिशेब तिकडे जातील का?

तुरीची शेंग
सेटिंग जाते. फोल्डर पाठवायचे की नाही ते वेगळं बटण आहे, मी बंद ठेवलं.

वणीवाला
खातं बनवून राहिले तर हे वाचा, माझा भोगून झालेला विषय आहे. बहिणीसाठी नवीन लॅपटॉप घेतला, 11 वाला. दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्या मेल आयडीने खातं उघडून चालू करून दिला. पुढे एका अपडेटनंतर निळी स्क्रीन आली, म्हणे 48 आकडी रिकव्हरी की टाका. डिस्क आतून कुलूपबंद असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. ती की असते ज्या खात्याने लॅपटॉप चालू केला त्या खात्यात, आणि ते पोरगं तोवर दुकान सोडून पुण्याला गेलेलं! त्याचा नंबर मिळवला, त्याचा पासवर्ड त्यालाच आठवेना, तिची प्रोजेक्टची तारीख जवळ आलेली. मिळाली की शेवटी, पण घरात दोन दिवस चूल पेटली तीच नशीब. खातं स्वतःच्या नावाने उघडा, पासवर्ड घरातल्या डायरीत लिहा, आणि ती 48 आकडी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

हॉस्टेलवाली
बापरे. आताच पाहिलं, माझ्या लॅपटॉपचं खातं दादाच्या मेलवर आहे.

पऱ्हाटी
दादाले आता मटण खाऊ घाल दर रविवारी.

वरुडकरीण
सगळ्यांना उत्तर एकेक देते, आता भाकरी टाकायच्या आहेत. ठरवलं ते असं की एसएसडी आणि रॅम टाकून 10 च ठेवायचं, मुदतवाढीत नाव टाकायचं, खातं माझ्या नावाने. बाबांच्या फाइल फाँटसकट पेनड्राइव्हवर. लॅपटॉप दहावीच्या निकालानंतर, आणि मार्क पाहून. मुलाने तोंड फुगवलं आहे. आर्वीवाले भाऊ, 256 ची घेऊ की 512?

आर्वीचा मेकॅनिक
256 लय झाली. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, फोटो-फाइलसाठी आतच राहू द्या. आणि येताना फक्त कॅबिनेट आणा ताई. लोकं मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, एवढंच काय यूपीएससुद्धा उचलून आणतात, मग मला दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही.