विमानतळ ते लॉज: कमी खर्चात कसे पोचलात?

मंडळी, तिकीट बरंच आधी काढलं तर विमानप्रवास आता कित्येकदा एसी रेल्वेच्या भावात होतो. उतरल्यावर मात्र टॅक्सीचा आकडा ऐकून वाचवलेले पैसे तिथेच जातात. माझे आईबाबा यंदा पहिल्यांदाच दोघंच फिरायला निघणार आहेत, म्हणून हे अनुभव मागते आहे. कुठे, किती वाजता उतरलात, सामान किती होतं आणि हॉटेलच्या दारापर्यंत कसे गेलात ते लिहा. नुसतं ‘मेट्रो आहे’ एवढं नको. स्टेशनाबाहेर आल्यावर पुढे काय, तेही सांगा.

मुंबईचं मीच लिहिते. मी नागपूरची, दक्षिण मुंबईतल्या फोर्टात कामानिमित्त जाणं-येणं असतं. रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे जात नाही. त्यामुळे पूर्वी एक तर टॅक्सी, नाही तर रिक्षाने अंधेरी किंवा विलेपार्ले गाठून तिथून लोकल. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बॅग घेऊन चढणं म्हणजे काय, ते केलेल्यालाच माहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि हा सगळा त्रास संपला. विमानतळाच्या टी१ आणि टी२ या दोन्ही टर्मिनलना स्वतंत्र स्टेशन आहे. आरे ते कफ परेड या अख्ख्या प्रवासाचं भाडं ७० रुपये, म्हणजे विमानतळावरून त्याहून कमीच. मी आता लॉज शोधतानाच सीएसएमटी किंवा हुतात्मा चौक स्टेशनापासून चालत जाता येईल असा बघते. लांबचा लॉज दोनशे रुपयांनी स्वस्त असला, तरी ते दोनशे टॅक्सीत जातातच. पत्ता आधी कागदावर उतरवून घ्या, भुयारात रेंजचा भरवसा नाही. शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराला सुटते. विमान त्यानंतरचं असेल तर रात्रीपुरतं मरोळ किंवा अंधेरी पूर्वेला राहावं आणि सकाळी निघावं.

कोल्हापूरकर
दिल्लीत टी३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो घ्या, डोळे झाकून. २०११ पासून चालू आहे. वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन, खर्च टॅक्सीच्या पासंगालाही पुरत नाही. खरी परीक्षा पुढे आहे. ही मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला सोडते आणि स्वस्त लॉज पहाडगंजला, म्हणजे रेल्वे स्टेशनाच्या पलीकडच्या अंगाला. मधे सोळा फलाट, ते पुलावरून ओलांडायचे. त्या पुलाच्या तोंडाशी ‘तुमचं हॉटेल बंद आहे’, ‘तो रस्ता आज बंद आहे’, ‘आधी टुरिस्ट ऑफिसात चला’ असं सांगणारे गाठतात. चांगले कपडे, गोड बोलणं, गळ्यात ओळखपत्रसुद्धा. न थांबता चालत राहायचं आणि हॉटेलला स्वतः फोन करायचा. लॉज पहाडगंजच्या मेन बझारच्या पश्चिम टोकाला असेल तर पूल ओलांडूच नका. पिवळ्या लाइनने राजीव चौक, तिथून निळ्या लाइनने एक स्टेशन पुढे रामकृष्ण आश्रम मार्ग. आईबाबांना हाच मार्ग सांगा, ताई. आणि विमान टी१ ला येत असेल तर तिथली मेट्रो वेगळी, मॅजेंटा लाइन. तिकिटावर टर्मिनल बघून ठेवा.

सावंतवाडीची
गोव्याला आता दोन विमानतळ, आणि लोक हॉटेल बुक करताना हेच विसरतात. मोपा पेडण्याला, अगदी उत्तरेला. दाबोळी वास्कोजवळ. उतरणार मोपाला आणि हॉटेल दक्षिणेतल्या कोलव्याला, असं झालं की अख्खा गोवा ओलांडायचा! मोपाहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस पणजी, म्हापसा, कळंगुट, मडगावला जातात. माझी बहीण पुण्याहून येते ती याच बसने पणजीच्या स्टँडवर उतरते, तिथून फोंतेन्यसातलं तिचं गेस्ट हाऊस चालण्याच्या अंतरावर आहे. दाबोळीहून सामान हलकं असेल तर बाहेरच्या हमरस्त्यावर येऊन वास्कोची बस पकडता येते, वास्कोहून पणजीला कदंबाची शटल. पण हे दिवसाउजेडीच. गोव्यात गावोगावच्या खाजगी बस संध्याकाळ उलटली की झपाट्याने कमी होतात. रात्रीचं विमान असेल तर टॅक्सीचे पैसे धरूनच हिशेब करावा, किंवा विमानच दुपारचं घ्यावं.

बंगळूरवासी
विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर. बीएमटीसीची, म्हणजे शहर बससेवेची, वायुवज्र ही विमानतळाची बस रात्रभर असते. केआयए-९ नंबरची बस मॅजेस्टिकला, म्हणजे शहरातल्या मुख्य बस स्टँडला जाते आणि स्वस्त लॉज तिथेच आहेत. बस एसी आहे, बॅगा ठेवायला जागा आहे, पहाटेसुद्धा एकटीने गेले आहे.

सोलापूरकर
चेन्नईत विमानतळावरूनच मेट्रो सेंट्रल रेल्वे स्टेशनापर्यंत जाते. त्याहून स्वस्त हवं असेल तर समोरच्या जीएसटी रोडपलीकडे तिरुसूलम हे लोकलचं स्टेशन आहे. एग्मोरपर्यंत दहा रुपयांच्या आसपास. गर्दीच्या वेळी मात्र मेट्रोच बरी.

दुबईहून
आपल्याकडची माणसं इथे बहुधा बर दुबई किंवा देरात उतरतात. टी१ आणि टी३ ला रेड लाइन मेट्रो आहे. देरासाठी युनियन, बर दुबईसाठी बुर्जुमान. साध्या डब्यात नोल या प्रवासाच्या कार्डावर तीन ते साडेसात दिरहम. तीन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. माणशी एक मोठी आणि एक लहान बॅग, एवढंच चालतं. टी२ ला मेट्रो नाही, आणि स्वस्त विमानं बरीचशी तिथेच येतात. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, त्यामुळे शनिवारी रात्री निघून पहाटे उतरणाऱ्यांना थांबावं लागतं. महिलांच्या किंवा गोल्ड, म्हणजे जास्त भाड्याच्या, डब्यात चुकून चढलात तर दंड आहे, दारावरची पाटी वाचा.

कोल्हापूरकर
ताई, अजून एक राहिलं. आईबाबांकडे मोठ्या बॅगा असतील किंवा विमान रात्री उशिराचं असेल, तर पैसे वाचवू नका. आतल्या प्रीपेड काउंटरवरून टॅक्सी घ्यायला लावा. पावतीवर भाडं आणि गाडीचा नंबर असतो, गाडीत बसण्याआधी तो जुळवायचा. चालकाला द्यायची पावती हॉटेलच्या दारात उतरल्यावरच त्याच्या हातात द्यायची, त्याआधी मागितली तरी नाही.