कानाचा पडदा चांगला, तरी ऐकू कमी येतं? मागची हाडं बघायला सांगा

कानाचा पडदा अगदी स्वच्छ आहे, मग मुलाला कमी का ऐकू येतं, असं एका पालकांनी विचारलंय. आमच्या लेकीचं हेच होतं, म्हणून लिहिते. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब तर जेमतेम 3 मिलिमीटरची. गर्भातच ऐरणीचा लांब दांडा अपुरा राहिला किंवा रिकिबीचा तळ जागीच जखडला, तर पडदा हलूनही आवाज नीट आत पोचत नाही. ऐकण्यातली तूट 60 डेसिबलपर्यंत जाऊ शकते.

डॉक्टरांनी नादकाटा (ठोकल्यावर नाद देणारा धातूचा काटा) कानासमोर धरला तेव्हा लेकीचा चेहरा कोरा. तोच कानामागच्या हाडावर टेकवला आणि ती चटकन हसली! आतला कान शाबूत असल्याची ती खूण. म्हणून बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) हाडावाटेही करून घ्याच.

शस्त्रक्रियेची मात्र घाई नको, आधी सीटी स्कॅन करा. त्यात ओळखू येणाऱ्या एका आनुवंशिक प्रकारात, मुख्यतः मुलग्यांत, शस्त्रक्रियेत रिकिबीचा तळ उघडताच आतल्या कानातलं पाणी उसळतं आणि उरलेलं ऐकूही जाऊ शकतं. तोवर डोक्याच्या पट्ट्यावर बसणारं, हाडावाटे ऐकवणारं यंत्र लगेच लावता येतं. तान्ह्या बाळालाही चालतं.