मदत हवी आहे: नवी बाईक पडली, पेट्रोल टाकीच्या रंगाचं काम कुठं करू?

गाडी घेऊन 12 दिवस झालेत. काल कोल्हापुरात रंकाळ्यावर साइड स्टँड ओल्या मातीत रुतला आणि गाडी डावीकडं आडवी. क्लच लिव्हर वाकलाय, इंडिकेटर तुटलाय. टाकीवर बोटभर ओरखडा, आतला पत्रा दिसतोय, पोचा मात्र नाही. हँडल सरळ, ऑइल गळत नाही. रबिंग कंपाउंडनं बारीक चरे गेले, मोठा तसाच. पावसात गंज धरेल याचीच धास्ती वाटते. लिव्हर ॲल्युमिनियमचा, वाकवला तर तुटेल म्हणून नवाच घालणार. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा) विमा आहे, पण क्लेम केला तर नूतनीकरणाला 20 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाणार. शोरूमवाले अख्खी टाकी बदला म्हणतात, मला मूळचीच ठेवायची आहे. उद्यमनगरात गडद निळा रंग जुळवून तेवढाच भाग मारणारा खात्रीचा पेंटर कोण, आणि साधारण किती घेतो?